आई जमिनीवर दिसली तर

मी, चंद्रकांता कृष्णकांत सावे, वय ६९, बी.एस्सी., राहणार बोईसर, हे मृत्युपत्र लिहिते, कारण मागच्या बुधवारी मी ओट्यापाशी बेशुद्ध पडले आणि माझ्या मुलीने दार उघडले नाही. चूक माझी. मेघाली ३६ वर्षांची असून स्वमग्न आहे. ‘आई झोपली असेल तर दार उघडायचे नाही’ हा नियम मीच तिच्याकडून वर्षभर घोटून घेतला होता.

मुरबे गावची जयवंती दर बुधवारी मासे घेऊन येते. त्या दिवशी तिने दार वाजवले तेव्हा मेघालीचे आतून उत्तर मिळाले, “आई झोपली आहे.”

“कवापासून गो?”

“अकरा दहापासून. ओट्याखाली.”

“ओट्याखाली कोन निजतं? उघड!”

“नाही.”

“मंग बुधवारचे बोंबील कोन घेल?”

दार उघडले. बोंबलांचा नियम आधीचा होता.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर दबाव नाही. दबाव आणायला आलेल्यांना चहा देऊन परत पाठवले.

१. घर व ठेवी मेघालीच्या. मुलगा शैलेश म्हणतो, “घर विकू, मेघूला चांगल्या संस्थेत ठेवू.” तो वाईट नाही, घाईत असतो. वाणगावची चिकूवाडी त्याला. मेघालीच्या हयातीत घर विकू नये, रंगवूही नये. २०११ साली रंगवले तेव्हा ती चार दिवस अंगणात जेवली.

२. मिक्सर नणंद सुलू यांना. मेघाली बोलावी म्हणून त्यांनी मला सोळा सोमवार करायला लावले. मेघाली सहाव्या वर्षी बोलली. पहिले वाक्य त्यांनाच: “आत्या, हळू बोल.”

३. पतीची हत्यारपेटी मेघालीला. पाने आकाराने लावलेले आहेत. कोणी उसने मागू नयेत.

४. माझ्यानंतर मेघालीची पालक जयवंती. असे पालक नेमणाऱ्या पालघरच्या समितीकडे तसा अर्ज दिला आहे. शैलेश म्हणाला, “आई, मासेवाली?” मी म्हटले, “नेमका प्रश्न तिने विचारला. तुझा फोन रविवारी आला.”

जयवंती म्हणाली, “बाय, मना लिवता येत नाय.” अंगठा चालतो.

साक्षीदार:
डॉ. कुंदन चुरी (सही)
रूपाली पाटील, शेजारीण (सही)

बोईसर, बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५
चंद्रकांता सावे (सही)

सुपूर्द: मुख्य दाराची दुसरी किल्ली, नग एक. देणार मेघाली, घेणार जयवंती (अंगठा). देताना मेघालीने जयवंतीला बाहेर उभे केले, दार लावले आणि आतून सांगितले, “आई झोपली आहे. उघड.”

जयवंतीने उघडले.