फायबर फुगत नाही

अफशाचे अब्बा,

होडीत पाणी कोणी ओतलं ते विचारतच नाही, तुमीच ओतलंत. काल माझ्या भावाने बुडाच्या तड्यावर फायबर आणि रेझिन लावलं, कोरडी ठेवा म्हणून बजावून गेला ना? आता अख्खा पॅच पापडासारखा सुटलाय. तुमच्या अब्बांची होडी लाकडाची होती, ही फायबरची आहे. लाकूड पाण्यात फुगतं, फट आपोआप मिटते. फायबर फुगतं का कधी?

अफशाच्या तापालाही तुमचं तेच. राहू दे, आपोआप उतरेल. पोर भट्टीसारखी तापलीये. मी तिला घेऊन मोरा बंदरावरच्या लाँचने मुंबईला दवाखान्यात चालले.

भाकऱ्या टोपलीत आहेत. होडी उपसून उन्हात ठेवा. ती काही आपोआप रिकामी व्हायची नाही.

शमीम