भिंतीपलीकडची फांदी व तिच्यावरील रहिवासी

मी, विजयालक्ष्मी विश्वंभर आठल्ये, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार सिविल लाइंस, झाशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने समोर बसून माझ्याशी वाद घालून पाहावा. मोतीबिंदू काढल्यापासून नजरही चांगली आहे, नको तेही दिसते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून पाहिला होता, चालला नाही.

हे मराठीत लिहिते म्हणून माझा मुलगा अमोघ कुरकुरला, "आई, इथे कोण वाचणार? हिंदीत लिख दो ना." ज्याला घर हवे आहे तो वाचेल. कोर्टासाठी हिंदी तर्जुमा त्याने स्वतः करून द्यावा. लहानपणी बाराखडी चुकवून पतंग उडवले, त्याची एवढी भरपाई पुरे.

कलम १. राहते घर, बँकेत जे काही उरले असेल ते आणि माझ्या यजमानांची स्कूटर अमोघला. स्कूटर चालत नाही. ती सदर बाज़ारच्या मिस्त्रीकडे नेऊ नये, त्याने तिच्याकडे पाहून एकदा हात जोडले आहेत.

कलम २. दागिने आणि लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या सूनबाई ईशा हिला. ईशा गुणी आहे. तिच्या हातून पुढे जे घडले ते प्रेमापोटी घडले, हे इथेच नोंदवते, म्हणजे पुढचे कलम वाचताना कोणी तिच्याकडे वळून बघणार नाही.

कलम ३. माझा मायक्रोस्कोप, काचपट्ट्या आणि बारीक जीव उचलायची एका केसाची सुई माझी विद्यार्थिनी डॉ. अनुश्री हिला. ज्यांनी मला आयुष्यभर "काय करता तुम्ही नेमके?" असे विचारले त्यांच्यासाठी खुलासा. पानांचा रस पिऊन जगणारे माइट नावाचे जीव असतात. शेतकी पुस्तकांत त्यांना कोळी म्हणतात. त्यांतले काही इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत, दिसते ती त्यांनी पानावर उठवलेली गाठ. ते किडे नव्हेत. किड्याला सहा पाय, या माझ्या मंडळींना चारच. ते शोधायचे, पाठीवरच्या रेघा आणि केस पाहून जात ठरवायची, आणि नवी निघाली तर नाव द्यायचे, हा माझा उद्योग.

नाव देण्याची आमच्यात रीत आहे. स्वतःचे नाव स्वतः द्यायचे नाही, दुसऱ्याचे खुशाल द्यावे. शिवाय एकदा छापलेले नाव मागे घेता येत नाही. ही तरतूद मला फार आवडते. कॉलेजच्या ज्या प्राचार्यांनी माझ्या प्रयोगशाळेत मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या, त्यांचे नाव मी वांग्याचा शेंडा वाळवणाऱ्या एका माइटला दिले. त्यांनी तो लेख चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आणि पेढे वाटले. मीही खाल्ले. खुर्च्या मात्र तिथेच राहिल्या.

कलम ४. मागच्या अंगणातले भोकराचे झाड, ज्याला इथे लसोड़ा म्हणतात. हे कलम नीट वाचावे, बाकी सगळे चुकले तरी चालेल.

या झाडाच्या पानांवर गुलाबी गाठी येतात. त्यांत राहणारा माइट मला दुसऱ्या कुठल्याही भोकरावर मिळालेला नाही. दतिया गेटपासून बबीन्यापर्यंत लोकांच्या अंगणांत शिरून मी पाने उलटी करून पाहिली आहेत, शिव्याही खाल्ल्या आहेत. हे झाड गेले तर ती जात जगातून गेली, असे मी धरून चालते.

झाड माझ्या बाजूला, पण त्याची एक जाड फांदी भिंतीवरून माझे धाकटे दीर नानासाहेब यांच्या अंगणात जाते. ते फौजेतून कॅप्टन होऊन निवृत्त झाले. त्यांना अंगणात पान पडलेले खपत नाही, आणि भोकराचे चिकट फळ तर मुळीच नाही. त्यांनी फांदी तोडण्यासाठी माझ्यावर दावा लावला. मी हरकत घेतली. निकाल लागेपर्यंत फांदीला कोणी हात लावू नये, असा कोर्टाने हुकूम दिला. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. दसऱ्याचे सोने भिंतीवरून फेकले जाई, तेही नेम धरून.

मागच्या वर्षी अनुश्री बंगळुरूच्या एका तज्ज्ञ बाईंना घेऊन येणार होती. माझ्या जुन्या काचपट्ट्यांना बुरशी लागली होती, म्हणून ताज्या पानांवरचे जिवंत माइट पाहून मगच नवी जात जाहीर करायची असे ठरले. पाहुणे मोठे म्हणून अमोघ आणि ईशा घर आवरायला लागले. मी स्टेशनवर गेले. परत येऊन पाहते तर झाडावर एक गाठ शिल्लक नाही! रोगट दिसणारे प्रत्येक पान माळ्याकडून तोडवून जाळलेले, वर औषध फवारलेले.

"मम्मीजी, कितना गंदा लग रहा था," ईशा हसतमुखाने म्हणाली. "पाहुणे काय म्हणाले असते?"

तज्ज्ञ बाई पिशवीतले भिंग हातात धरून उभ्या राहिल्या. मी तुळशीच्या कट्ट्यावर बसले. एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"ती फांदी बघा म्हणावं! तिला हात नाही लागू दिला मी. तुमचा माळी शिडी घेऊन आला होता, मी सांगितलं, भैया, कोर्ट का स्टे है, हात मत लगाना. औषधाचा पंपही परत पाठवला."

वर पाहिले तर नानासाहेब गच्चीत उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतला कोर्टाचा हुकूम. आणि त्यांच्या बाजूची ती फांदी गाठींनी नुसती लगडलेली.

ती बघायची तर त्यांच्या अंगणातूनच जावे लागणार होते. मी गेले. त्यांनी फाटक उघडले, खुर्ची पुसून दिली आणि चहा टाकला. माइट दिसल्यावर तज्ज्ञ बाईंनी मला मिठी मारली. नानासाहेबांनीही मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग म्हणाले, "वहिनी, यांचं तोंड कुठल्या बाजूला? आणि यांच्यासाठी तुम्ही माझ्याशी भांडत होता?"

"हो," मी म्हणाले.

"आधी सांगायचं ना. मला वाटलं, भोकराच्या लोणच्यासाठी."

मला रडू आले. ते झाडासाठी होते की यजमान गेल्यानंतर दिरांच्या अंगणात प्रथमच बसले म्हणून, ते मी ठरवलेले नाही.

कलम ५. अनुश्रीची या जातीला माझे नाव देण्याची इच्छा आहे. तिने तसे करू नये. नाव नानासाहेबांचे द्यावे. यात टोमणा नाही. प्राचार्यांच्या वेळी होता, या वेळी नाही.

कलम ६. भोकराचे झाड कोणाला द्यावे यावर मी खूप विचार केला. अमोघ माझ्यावर जीव टाकतो, म्हणून तो झाड स्वच्छ ठेवील, आणि तिथेच घात होईल. ज्याला त्या झाडाचा मनापासून राग आहे त्याच्याच हाती ते सुरक्षित राहिले. म्हणून झाड, त्याच्या बुंध्याभोवतीच्या जमिनीसह, नानासाहेबांना. दावा आपसांत मिटवावा, असेही मी खर्ड्यात लिहिले होते.

खर्डा त्यांना दाखवला. ते भडकले. "दावा मिटला की स्टे उठला! मग उद्या माझा नातू तोडेल, नाहीतर तुमचा अमोघ गाडी लावायला जागा करेल. झाड तुमच्याकडेच राहू द्या. मी दावा चालवतो."

बोलणे पटले. सबब झाड घरासोबत अमोघकडे जाईल आणि दाव्यात माझ्या जागी त्याचे नाव लागेल. त्याने कसून बचाव करावा, तारखा घ्याव्यात, वकील आजारी पडू द्यावा, आणि चुकूनही जिंकू नये. झाडाला पाणी घालावे. गाठी आलेल्या पानाला हात लावू नये, दिवाळीतसुद्धा.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

विजयालक्ष्मी विश्वंभर आठल्ये
झाशी, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. जयसिंग बुंदेला, शेजारी, सिविल लाइंस. (मराठी येत नाही, हिंदीत वाचून दाखवले, दोनदा हसले.)
२. डॉ. अनुया लघाटे, दतिया गेट. (बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत.)

समासात, वेगळ्या शाईत:

वाचले. मान्य नाही. फांदीबाबत माझी हरकत कायम आहे. प्रतिवादी म्हणून अमोघ मला चालणार नाही, त्याला भांडता येत नाही. पुढच्या तारखेला वहिनींनी स्वतः हजर राहावे, आणि त्याच्या पुढच्याही.
— नानासाहेब आठल्ये, कॅप्टन (निवृत्त)