घागरीतल्या दादांविषयी

ब्राह्मणपुरी, पोळ्याच्या अगोदरचा सोमवार

चि. भाग्येश यास भिलाआप्पाचे आशीर्वाद, आणि त्यासोबत थोडा राग. (राग कशाबद्दल ते खाली येईलच.) तुझी तब्येत बरी असेल, नाशिकला पाऊस बेताचा असेल आणि खानावळीतली भाजी तुला मानवत असेल असे धरून चालतो. इकडे मका कमरेच्या वर गेला आहे, तुझ्या मोठ्या आईचे गुडघे पावसाने धरले आहेत आणि तुझी आजी ठणठणीत आहे. फोन सोडून हा काका पत्र का लिहीत बसला, असे तुला वाटेल. कारण असे की, माझा फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही आणि स्पीकरवर टाकला की आजीला सगळे ऐकू येते. आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाता कामा नये.

मूळ घोटाळा तुझ्या एका वाक्याने झाला. होळीला तू येऊन गेलास, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत चहाच्या भुकटीसारखी तपकिरी माती माझ्या हवाली केलीस, आणि बस पकडण्याच्या घाईत म्हणालास, "आप्पा, जपा बरं का, या मातीत जीव आहे." आता मी हयात शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेला माणूस. मी या वाक्याचा जो अर्थ लावला तो कुठलाही मराठीचा मास्तर लावील. मला वाटले, पोरगे आजोबांच्या, आपल्या दादांच्या, शेतातली माती नाशिकला उराशी धरून राहत होते, आता कंपनी वर्षभर गावोगाव फिरवणार म्हणून ती घरी ठेवायला दिली. माझे डोळे भरून आले. मी ही हकिगत गावात ज्याला त्याला सांगितली. (सरपंचांनी तर ती पंधरा मिनिटांच्या भाषणात घातली.) त्या मातीत खरोखरच जीव आहे, म्हणजे तू छंद म्हणून पाळतोस त्या आफ्रिकेतल्या माशांची अंडी आहेत, हे सरळ सांगायला तुझे काय जात होते?

पुढे अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आली. दादा गेल्यानंतरची पहिलीच, म्हणून त्यांच्या नावाची वेगळी घागर भरली. घागरीत दादांच्या शेतातली चिमूटभर माती पडली पाहिजे असा आजीचा हट्ट होता. बाहेर ऊन असे की चप्पल डांबराला चिकटावी. तुझी मोठी आई म्हणाली, शेतात कशाला जायचे, भाग्याची माती आहेच की घरात. मी उदार मनाने चिमूट न टाकता अख्खी पिशवी ओतली, आणि ओतताना चार शब्दही बोललो. ती घागर आजीने ओट्यावरून हलू दिली नाही. तिच्यातले पाणी कुणी प्यायचे नाही, फक्त रोज वरून तांब्याभर घालायचे. त्यात डासांची पिल्ले झाली असतील, तर त्याकडे मी कशाला बघतो.

वटपौर्णिमेच्या दिवशी तुझी मोठी आई वडाला फेऱ्या घालून आली, घागरीत पाणी घालायला तिने वरचे झाकण काढले आणि ओट्यावरच मटकन बसली. मी धावलो. आत मासा होता. भाग्येश, आपल्या घरात माशाचा वाससुद्धा कधी शिरलेला नाही. विसरवाडीच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर मासळी आली म्हणून मी अर्धे जेवण टाकून उठलेला माणूस आहे. आणि माझ्या वडिलांच्या घागरीत बोटाएवढा मासा फिरत होता, अंगाने निळसर पांढरा, शेपटी लालभडक. दादांचा नीळ दिलेला सदरा आणि खांद्यावरचा लाल रुमाल सगळ्या शहादा तालुक्याच्या ओळखीचा होता. मी काही बोलायच्या आत मागून आजी आली, आत वाकून पाहिले आणि शांतपणे डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दादांसमोर ओढायची तसाच.

मी हादरलो तो तिथे. पण खरा धक्का पुढे होता. मी घागर उन्हात तिरपी केली, तर आत आणखी चार निघाल्या. मळकट करड्या रंगाच्या, मुकाट, आणि लाल शेपटीवाला या चौघींच्या मागे मागे. आजीने बराच वेळ ते पाहिले. दादा गेल्यापासून ती चार शब्दांच्या वर बोलत नव्हती, अर्ध्या भाकरीवर ताट सारत होती, हे तुला ठाऊक आहे. तिने तोंड उघडले ते असे: "जीवत व्हतात तवय माले कधी शहादाना बाजारले लई गयात नहीत, आनि आते च्यार च्यार बाया लिसन फिरी ऱ्हायनात."

त्या दिवसापासून तिचे तोंड बंद नाही. मासे लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत आले (बरणी सात पाण्यांनी धुतली, कैऱ्या या वर्षी डब्यात घातल्या) आणि आजीने बरणीशेजारी पाट मांडला. सकाळी चहा घेऊन ती तिथे बसते आणि लग्नापासूनचा हिशेब काढते. अमक्याच्या हळदीला मला का नेले नाही, विहिरीच्या वादात भावाची बाजू का घेतली, पाटल्या कुणाला विचारून मोडल्या. मासा काचेला तोंड लावून ऐकतो. आजी आता दीड भाकरी खाते. शेजारच्या तुळशीबाई, फुलवंताबाई वगैरे मंडळी दुपारी दर्शनाला येतात आणि दादांना नमस्कार करून त्या चौघींकडे पाठ करून बसतात.

भाऊबंदांनी मध्येच टूम काढली की आत्म्याला असे कोंडून ठेवू नये, प्रकाशा तीर्थाच्या घाटावर नेऊन तापीत सोडावे. मासे निघाल्यावर मी आजीच्या माघारी फोन केला, तेव्हा मातीचा उलगडा करून तू बजावले होतेस की नदी, नाला, डबके, कशातही सोडायचे नाहीत, परक्या मुलखातला जीव आहे, इकडच्या माशांना त्रास होईल. हे भाऊबंदांना कसे सांगू? मी म्हटले, दादांना जन्मभर पाण्याची भीती होती. (ते बरणीत पोहत असताना हे बोलणे सोपे नव्हते.) पण मास्तर म्हणतो म्हणजे असेल, असे म्हणून मंडळी गप्प बसली.

त्यात या माशांना खायला डासांच्या अळ्या लागतात. मी गोठ्यामागे एका ड्रममध्ये पाणी साचवले. नेमक्या तिथेच आपल्या आरोग्य उपकेंद्राच्या लिडियाताई टॉर्च घेऊन आल्या. कोरडा दिवस पाळा म्हणून गावभर फेरी काढणारा मी, आणि हातात चहाची गाळणी घेऊन अळ्या गोळा करणाराही मीच. त्यांनी टॉर्च ड्रमवरून गाळणीवर आणि गाळणीवरून माझ्या तोंडावर नेला. मी म्हटले, वडिलांसाठी आहेत. तेव्हापासून त्या मला रस्त्यात फार हळू आवाजात तब्येत विचारतात.

हे सगळे मी सोसले. पण गेल्या महिन्यात तू फोनवर सहज जे बोललास, त्याने माझी झोप उडाली. (नशिबाने त्या वेळी आजी देवळात होती.) म्हणालास, तिकडे पावसाने खड्डे भरतात, मातीतली अंडी फुटतात, मासे भराभर वाढतात, संसार करतात, मातीत अंडी घालतात, आणि खड्डे आटले की सगळे संपतात. बरणीत पाणी आटले नाही तरी फारसा फरक नाही, आयुष्यच तेवढे. अरे, जेमतेम एका पावसाळ्याचे? आमच्या शाळेतल्या कंत्राटी शिक्षकालासुद्धा दिवाळीपर्यंत ठेवतात. तेव्हापासून बाहेर पाऊस ओसरला की मी बरणीकडे धावतो. गावात सगळे उघडीप मागतात आणि मी खिडकीत उभा राहून मनात म्हणतो, पड बाबा अजून.

आता दादा थकले आहेत. पाठीला बाक आला, लाल शेपटी फिकी पडली, चौघींच्या मागे जायचे सोडून तळाशी बसून असतात. आजी म्हणते, हवा बदलली, खोकला झाला असेल. बरणीवर दुलई घातली आहे. मला माझ्या वडिलांना एकदा पोहोचवताना जे झाले ते झाले. पण आजी पुन्हा त्या मुकेपणात गेली तर मला ते बघवणार नाही, हे मी तुला सरळ लिहितो.

असो. केवळ खुशाली कळवावी म्हणून हे चार शब्द लिहिले. दुसरे काही कारण नाही.

तुझा,
भिलाआप्पा

ता. क. कारण आहे. तसाच, लाल शेपटीचा, निळसर अंगाचा, भरल्या वयाचा एक मासा ताबडतोब घेऊन ये. बरणीतली माती मी तू सांगितल्याप्रमाणे वाळवीन, पण ती अंडी पुढच्या आखाजीशिवाय उपयोगाची नाहीत, आणि तोवर दादांची जागा रिकामी ठेवता येणार नाही. सकाळी आजी आंघोळीला बसते तेव्हा मागच्या दाराने आत ये. तिला पत्ता लागू देऊ नकोस.

ता. क. दुसरे. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आजीने पाटावरूनच विचारले, भाग्याला लिहितोस का. मी म्हटले, हो, खुशाली. ती दुलई नीट करत म्हणाली, "माले म्हाईत शे तू काय मांगी ऱ्हायना ते. तुन्हा बापनी जलमभर मन्हं इतलं कधी आयकं नही, मंग हाऊ मासा तुन्हा बाप कसा ऱ्हाई?" मी पाकीट पुन्हा उघडले. तशी ती म्हणाली, "भाग्याले सांग, या टाइमले एकलाच धाड. बाया नको."