पांढऱ्या गोळीची ओळ

ता. १४, दुपार

चि. धाकटीस,

बाबाचे आशीर्वाद. प्रवासात पोटात काही ढकललंस का, हा माझा नेहमीचा प्रश्न आहेच.

आईला काल दवाखान्यात ठेवलं. काळजीचं कारण नाही, असं मी तुला फोनवर म्हणालो. इथला बाक शाळेतल्यासारखा लांबलचक आहे. भिंतीवरून उन्हाचा तुकडा सरकतोय आणि मला उगीच चौथीचा वर्ग आठवतोय. मास्तर कविता म्हणायला उभं करायचे. मी एकदाही अडखळलो नाही.

आईच्या गोळ्यांचीही मी कविताच केली होती, एका गोळीला एक ओळ. तू पाठवलेला तक्ता घडी घालून ठेवून दिला. आई म्हणाली, "अहो, लेकीचं ऐका जरा." मी म्हटलं, "पाठ असल्यावर कागद कशाला?" तर म्हणते, "मग गोळ्याही तुम्हीच गिळा की!"

गेल्या महिन्यात तू सांगत होतीस, रक्त पातळ ठेवायच्या त्या पिवळ्या गोळीचं पेटंट संपलं. आता तेच औषध दुसऱ्या कंपन्याही काढतील, नाव वेगळं, रंग वेगळा, किंमत कमी. मी नुसतं हं हं करत होतो. तुझं बोलणं कधी संपतंय आणि तुला नवं कडवं कधी ऐकवतो, असं झालं होतं मला.

मग दुकानातून पांढरी गोळी आली. तिचं नाव चालीत झकास बसलं. पिवळीच्या ओळीखाली मी पांढरीची ओळ जोडली. घरात पिवळ्या शिल्लक होत्याच.

अकरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी तिला दोन्ही दिल्या.

दंडावर काळेनिळे डाग उठले. ती म्हणाली, "आपटले असेन कुठेतरी." हिरड्यांतून रक्त आलं, तर मी मऊ ब्रश आणला. काल न्हाणीघरात चक्कर येऊन ती खालीच बसली.

आज सकाळी तिचे कपडे आणायला घरी गेलो, तेव्हा दोन्ही पाकिटं उलटी करून बघितली. मागे बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं. दोन्हींवर एकच नाव. भिंग धरून तीनदा वाचलं.

मघाशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, आजींना काय काय चालू आहे? नीट आठवून सांगा." मी कविता म्हटली. पांढरीची ओळ गाळली. त्या हसून म्हणाल्या, "पाठांतर पक्कं आहे हो तुमचं!"

मला पुन्हा तिच्याजवळ जाऊ देणार नाहीत, अशी भीती वाटली गं.

आता आतून त्यांचाच आवाज येतोय, "रक्त थांबत का नाहीये? पुन्हा तपासायला पाठवा."

तोंडाने सांगवणार नाही, म्हणून हे पत्र तुझ्या हातात द्यायचं ठरवलं होतं. पण तू येणार पाचला. इतका वेळ तिच्याकडे आहे की नाही, मला ठाऊक नाही. बाई बाहेर येतायत. बोलायला गेलो तर पुन्हा ती ओळ गाळीन. म्हणून हा कागदच त्यांच्या हातात देतो, दोन्ही पाकिटांसकट. तुझ्याआधी त्या वाचतील, रागावू नकोस.

तिला दोन्ही गोळ्या देणारा,
तुझा बाबा