मालकाचा ओटीपी

२ ऑगस्ट, शनिवार

आज पुन्हा पोलिसानं अडवलं. आर्णीच्या अलीकडं, पुलाजवळ. गाडीवर आरजे नंबर दिसला की हात आडवा!

"मॅडम, राजस्थानची गाडी इथं काय करून राह्यली?"

उभ्या उभ्या सगळं रामायण सांगतलं. नवरा मिलिटरीत. जोधपूरले क्वार्टर होतं, तिथंच स्कूटी घेतली. आता त्याची पोस्टिंग वर बर्फात, तिथं फॅमिली नेता येत नाही, म्हणून मी सासरी, तांड्यावर. त्यानं लायसन्स मागतलं. ते बी जोधपूरचं. "हे इकडं चालत नाही," म्हणे. काहून नाही चालत? लायसन्स अख्ख्या देशात चालते. मी बी ठासून सांगतलं. तं तो हसला. म्हणे, बरं, लायसन्सचं सोडा, पण गाडी वर्षाच्या वर इथं ठेवली तं इथला नंबर घ्याच लागते. ते मात्र खरं आहे. मी मागच्या नोव्हेंबरात आली. अठ्ठावीस नोव्हेंबरले वर्ष भरते.

स्कूटी जमा झाली तं माही नोकरी गेली. मी शिकवते ती कॉन्व्हेंटातली नर्सरी साडेसातले भरते अन् तांड्यावरून पहिली बस नवाले. नोकरी गेली तं दिवसभर मी, सासू अन् भिंती. याडीचा, म्हंजे सासूचा, लय जीव आहे माह्यावर, पण याडीचं बोलणं गुडघ्यापासून सुरू होते अन् गुडघ्यावरच सरते.

४ ऑगस्ट

बबलूकडं गेलती. आपल्याच तांड्याचा, आर्णीले त्याचं ऑनलाइन सेंटर आहे. त्यानं समजावून सांगतलं — पहिले जोधपूरहून एनओसी मागा. ती आली की यवतमाळले गाडी दाखवा, टॅक्स भरा, मंग एमएच एकोणतीस नंबर भेटते. सोपं वाटलं. मंग त्यानं कॉम्प्युटरातून मान वर केली.

"वहिनी, ओटीपी लखनभाऊच्या फोनवर जाते. मालक ते आहे ना."

मालकाचा फोन मालकाच्या पेटीत, मालक सोळा हजार फुटावर, अन् तिथं टॉवर नाही. खालच्या कॅम्पात उतरला तरच फोन लागते. मागचा फोन एकोणीस जूनले आलता. तारीख पाठ आहे मले.

याडीले सांगतलं तं म्हणे, आपले लोकं बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरले, कोणी बैलाचा नंबर नाही पुसला.

६ ऑगस्ट

उमरखेडच्या ममताले फोन केला. जोधपूरले ती माह्या बाजूच्या क्वार्टरात होती, अन् तिचा नवरा लखनच्याच पोस्टवर आहे. तो सध्या खाली आलेला, उद्या वर चढते. लखनले काय निरोप देऊ, ममता विचारे. म्हटलं, गाडीचा ओटीपी पायजे, रविवारी खाली या म्हणा.

"एवढंच सांगू?"

एवढंच म्हटलं. बाकीचं दुसऱ्याच्या नवऱ्याच्या तोंडून कसं पाठवू?

(तोंडानं मी त्याचं नाव घेत नाही. इथं लिहिते. इथं कोण पाह्यते.)

१० ऑगस्ट, रविवार

फोन आला! अकरा वाजून दहा मिनिटं. मी बबलूच्या सेंटरवरच बसून होती.

"हं वर्षा, कोणता आकडा पायजे?"

सात आठवड्यानं नवऱ्याचं पहिलं वाक्य हे.

बबलूनं बटन दाबलं, पण साईट नुसती गोल गोल फिरत राह्यली. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटात आम्ही बोललो. तिथं एक काळी कुत्री आहे, तिले पिल्लं झाली. लखनचं वजन उतरलं. मी सांगतलं, माह्या वर्गातला एक पोरगा रोज मले अर्धं बिस्कुट आणून देते, चाटलेलं. लय हसला. ओटीपी आलाच नाही. "पंधरा दिवसानं पुन्हा येतो मंग," म्हणला.

घरी येताना गाडीवर गाणं म्हणत आली. काम झालं नाही तरी.

१७ ऑगस्ट

तांड्यात तीज. पोरी डोक्यावर उगवलेल्या गव्हाच्या टोपल्या घेऊन नाचत निघाल्या, अख्खा तांडा मागं. पुण्याहून, मुंबईहून सगळ्याईची माणसं आलेली. बायकाईनं हात धरून नेलं, म्हणून गेली. टाळ्या वाजवल्या. कोणी विचारलं नाही, तुह्यं माणूस कधी येते? विचारलं असतं तं बरं झालं असतं. आल्यावर याडीचे गुडघे चोळून देले.

२४ ऑगस्ट, रविवार

आज ओटीपी आला. लखननं सहा आकडे वाचले, बबलूनं टाकले. चुकीचा, म्हणे. दुसऱ्यांदा मागवला. चुकीचा. तिसऱ्यांदा चुकला तं साईटनं दारच लावलं — आज नाही होत.

दोन ओटीपीच्या मधात थांबावं लागते. तेवढ्यात त्यानं विचारलं, जोधपूरच्या क्वार्टरापाशी आपण लावलेलं कढीपत्त्याचं झाड नवीन लोकाईनं ठेवलं असन का. मले काय माहीत. पण त्याले आठवलं याचंच नवल वाटलं. हा माणूस क्वार्टरात होता तवा झाडाले कधी तांब्याभर पाणी नाही घातलं.

७ सप्टेंबर, रविवार

पुन्हा तेच. तिन्ही वेळा चुकला. मागं दाखल्यासाठी दहा माणसं उभे, पंखा बंद, बबलू घामाघूम — अन् माहा तोल गेला. सगळ्याईसमोर म्हटलं, "सहा आकडे धड वाचता येत नाही का तुमाले? बंदूक कशी चालवता?"

मंग म्हणला, "पुढच्या खेपेले चष्मा लावून वाचतो." त्याले चष्मा नाही.

बबलू म्हणे, वहिनी, त्याईनं सांगतलं तेच टाकलं मी. त्याच्यावर बी खेकसली. दिवस निघून चालले. नवऱ्याले काही घाई नाही. गाडी जमा झाली तं त्याचं काय जाते, पायी मी जाईन.

८ सप्टेंबर

बंदुकीचं बोलाले नव्हतं पायजे.

१९ सप्टेंबर

बबलूनं मुद्दाम बोलावून घेतलं. "वहिनी, आपण येडे आहो. गाडीवरचा मोबाईल नंबरच बदलून टाकू ना! तुमचा टाकू. आरसी, चेसिस नंबर, सगळं तं आपल्याजवळ आहे."

दहा मिनिटात माहा नंबर चढला. मंग ओटीपी माह्याच फोनवर. सहाच्या सहा बरोबर! एनओसीचा अर्ज गेला. एवढं सोपं होतं तं दीड महिना काय करून राह्यलो होतो आपण?

२१ सप्टेंबर, रविवार

त्याचा फोन वेळेवर आला. मी एका दमात सांगतलं — काम झालं, नंबर माहा टाकला, आता तुमचा ओटीपी लागत नाही.

"बरं झालं," म्हणला. मंग म्हणे, "म्हंजे आता मी खाली नाही आलो तरी चालते."

"हो ना, कायले तेवढं उतरता," मीच म्हटलं. त्याचा त्रास वाचावा म्हणून म्हटलं.

दोन मिनिटात फोन ठेवला. बोलाले काही निघालंच नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

अकरापासून दोनपर्यंत फोन हातात. नाही आला.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. पोरी हातात दिवे घेऊन घरोघरी मेरा कराले, म्हंजे ओवाळून आशीर्वाद मागाले आल्या. याडीनं एकेकीच्या डोक्यावर हात ठेवला. माह्या बी ठेवला, पोरीत उभी होती म्हणून. एनओसी येऊन आठ दिवस झाले. आज बरोबर एक महिना झाला त्याच्या फोनले.

२ नोव्हेंबर, रविवार

काम सरलं, बायको सरली. खोटं कशाले लिहू, तेच वाटते. ओटीपी होता तवा पंधरवड्याले हजर. आता काय, बायकोशी नुसतं बोलाले कोण उतरते! ममताले विचाराची लाज वाटते. तिचा नवरा तिले फोन करत असन तं? शाळेत दिवस निघून जाते, पोरं सोडत नाही. दुपारी घरी आली की घर अंगावर येते. याडी म्हणे, तू वाळून राह्यली. म्हटलं, उन्हानं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सुटी टाकून यवतमाळले गेलती, लोहाऱ्याच्या पुढं ट्रकाईच्या मधातून, एकटी. आरटीओच्या साहेबानं गाडी पाह्यली. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, तं नंबर कागदावर उमटला. सगळे कागद बरोबर निघाले. एमएच एकोणतीस! वर्ष भराले सोळा दिवस बाकी होते.

बाहेर टपरीवर चहा घेतला. लय खुश व्हाले पायजे होतं मी. कोणाले सांगू, तेच समजेना. चहावाल्याले सांगतलं. तो म्हणे, अरे वा.

१६ नोव्हेंबर, रविवार

ममताचा फोन. तिच्या नवऱ्याची पाळी आली, तो खाली उतरला आहे.

"बाई, तू कागद इतक्या लवकर काहून उरकला?"

मले समजलंच नाही. मंग तिनं सांगतलं. खाली उतराची पाळी दोन-दोन महिन्यानं येते. कोणाच्या घरचा सरकारी कागद अडला असला तरच साहेब पंधरवड्याले सोडते. लखननं गाडीचा अर्ज देला होता. वर परत गेला की साहेब विचारे, झालं का काम? हा म्हणे, नाही साहेब, ओटीपी चुकला.

"शेवटचा आकडा तो मुद्दाम चुकीचा सांगे, वर्षा. पोस्टवर सगळ्याईले माहीत आहे. तूच नंबर बदलून टाकला तवापासून गप बसून राह्यते म्हणे."

काय बोलली मी ममताले, आठवत नाही.

१७ नोव्हेंबर

अख्ख्या पोस्टले माहीत होतं, मले सोडून. तो तिकडं माह्याशी दहा मिनिटं जास्त बोलाले खोटा आकडा सांगून राह्यला होता, अन् मी इकडं लोकाईसमोर त्याची इज्जत काढून राह्यली होती. सरळ काहून नाही सांगतलं? अन् मी तरी कधी सरळ म्हटलं, की या, बोलाले या?

रडली आज. पोटभर. याडीनं भाकर समोर आणून ठेवली.

१८ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर बबलूकडं गेली. म्हटलं, गाडीवरचा माहा मोबाईल नंबर काढ अन् मालकाचा टाक पुन्हा. तो पाहातच राह्यला. "वहिनी, मंग गाडीचं कोणतं बी काम काढलं तं ओटीपी वरच जाईन."

म्हटलं, हो. आता गाडी माह्या नावावर कराची आहे, अर्ज भर.

ममताचा नवरा उद्या वर चढते. त्याच्याजवळ निरोप देला — त्याईले म्हणा, गाडीचा कागद पुन्हा अडला. साहेबाले सांगून ठेवा, लय महिने लागतीन.