साहेबांची हवापालट

सौ. रंजिताला, चाकणहून जगनचा रामराम.

मी मजेत आहे. तुझी कंबर कशी आहे गो?

रोपं वाढून चाललीत, भातलावणीला घरी जातो म्हणून रजा मागितली. साहेब म्हणाले, "अहो देसले, रजा आरामासाठी असते. शेतात राबायला कसली रजा?"

ते मात्र निघालेत. कामाने डोकं शिणलंय म्हणे, म्हणून आपल्याच गावी, धसईला, हरेशच्या रिसॉर्टवर. तिथे पैसे भरून चिखलात भात लावणार. त्याने मन ताजं होतं म्हणतात.

हरेशला सांग, यंदा पाहुणे आपल्या खाचरात उतरव. माझी रजा त्यांनी घेतली, तर माझं कामही त्यांनीच करावं.

फक्त तू त्यांच्या मागून फिर. वरवर खोचलेली रोपं पाण्यावर तरंगतात. ती शेवटी वाकून तुलाच लावायचीत.

येऊ न शकलेला,
जगन