काळू आणि कूलरचा पंप

२ जुलै

टाकीतला काळा मासा मेला! घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि शेजारच्या माधवीताईंना कुंपणावरूनच बातमी दिली — "मोठी पीडा गेली वं, माशावर निभावलं!" कोणती पीडा? विचारलं तर म्हणे, "परवा शिवमच्या गाडीले कुत्रं आडवं नाही आलं का?" आता ते कुत्रं आपल्या वाटेने निघून गेलं होतं, नवरा आपल्या वाटेने कोर्टात गेला होता. तरी फाशी माशाला!

निधी मात्र हमसून हमसून रडली. दुसरीतली पोर. "मम्मी, काळू मेला तर आजी हसून काहून राहिली?" मी तिचं नाक पुसत बसले. आणि मी म्हणे नववी-दहावीला विज्ञान शिकवते!

३ जुलै

कुठेतरी ओकलं पाहिजे म्हणून लिहिते. या टाकीचे जनक म्हणजे अमरावतीचे मोरोपंत वास्तुवाले. शिवमच्या वकिलीला बरकत यावी म्हणून आईंनी त्यांना अकोल्याला बोलावलं होतं. त्यांनी दिवाणखान्याच्या ईशान्य कोपऱ्याकडे बोट दाखवलं — काचेची टाकी, आठ सोनेरी मासे, एक काळा. घरावर येणारं संकट काळा अंगावर घेतो आणि मरतो. मेला की लगेच दुसरा आणायचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

काळे मरतात, कारण पाणी सडतं. आई मूठमूठ खाऊ टाकतात, मासे त्याच पाण्यात घाण करतात, अमोनिया वाढतो. पण ज्या घरात मासा मरणं हाच शुभशकुन, तिथे फिल्टर कोण बसवणार? शिवमला आण म्हटलं तर — "आई नाही म्हणते, तू हो म्हणते. पाहू." घरात सुद्धा पुढची तारीख!

संध्याकाळी नवा काळा आला. बटबटीत डोळ्यांचा, ढेरपोट्या. निधीने नाव तेच ठेवलं. "मम्मी, याले मरू नको देऊ."

नाही देणार, म्हटलं. बोलून बसले.

७ जुलै

विकत आणायला घर तयार नाही ना? मग घरातलंच वापरू. पावसामुळे कूलर गच्चीवर गेलाय, त्याचा पंप वर्षातले आठ महिने झोपाच काढतो. तो काढला. लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी — बुडाला तापल्या सळईने भोकं पाडली. आत काय काय: भांडी घासायच्या जाळीदार घासण्या, फुटक्या विटेचे तुकडे, जुन्या गादीतला फोम. टाकीतलं पाणी पंपाने वर बरणीत चढवायचं, गाळत गाळत ते परत खाली पडणार. बस!

पंपाची वायर कुरतडलेली होती म्हणून कूलरवाल्या खुशालरावांकडे गेले. "पावसात पंप काहून लागते, ताई?" माशांसाठी, म्हटलं. "काहून, मास्यायले गरमी होऊन राहिली का?" सगळं दुकान खो खो हसलं. मीही हसले. काय करणार!

१० जुलै

आज उद्घाटन. बटण दाबलं आणि बरणी कारंज्यासारखी उडाली! गालिचा भिजला, शिवमच्या कोणा पक्षकाराची फाईल भिजली. टाकीत मासे गोल गोल भिरभिरले. आई पलंगावर पाय वर घेऊन — "मास्यायले रहाटपाळण्यात बसवलं का वं?"

कूलरच्या चार फूट उंच खसच्या जाळ्या भिजवणारा पंप तो, त्याला माशांचा मान राखणं कुठलं जमायला! पाईपच्या तोंडाला बूच ठोकलं. बुचातून सलाईनच्या नळ्या काढल्या, मेडिकलवाल्याकडून आणलेल्या. नळीवरची ती छोटी चाकी फार कामाची — फिरवली की धार, उलटी फिरवली की थेंब. निधीला तो खेळच झाला.

१२ जुलै

दोन सोनेरी मेले. माझ्यामुळे.

गादीचा फोम! त्या गादीवर आईंनी गेल्या उन्हाळ्यात ढेकणांचं औषध मारलं होतं. मला ते माहीत होतं, आठवलं मात्र नाही. काळूला आणि बाकीच्यांना बादलीत टाकलं म्हणून वाचले. फोम उकिरड्यावर, टाकी रिकामी, सगळं पहिल्यापासून. नळाचं पाणी तसंच ओतायचं नाही, क्लोरीन उडावं म्हणून एक दिवस उघडं ठेवायचं — तर "वापराचं पाणी मास्यायसाठी अडवून ठेवते" म्हणून भांडण.

आणि आई खूश! "एकदम दोन पीडा गेल्या! तुह्या मशीनले गुण आहे वं." लग्नाला दहा वर्षं झाली. माझ्या हाताला गुण असल्याचं आज पहिल्यांदा ऐकलं.

२१ जुलै

मशीन चालतंय. फक्त दुपारी कोणीतरी बंद करतं. कोणीतरी! मी शाळेतून येते तेव्हा बटण वर, आणि आई जप करत बसलेल्या. "दिवसभर लाईट जाळते." पाणी अडलं की घासण्यांमधले जिवाणू मरतात हो. जिवाणू कोण म्हणाल तर घाण खाऊन पाणी राखणारे. ते यांना कोण समजावणार? बटणावर चिकटपट्टी लावली. वर निधीने स्केचपेनने लिहिलं — हात लाऊ नये. लाऊ! उद्या शुद्धलेखन घेते तिचं.

११ ऑगस्ट

पाणी कसं झालंय! टाकीच्या पलीकडचं कॅलेंडर वाचता येतं. विटांवर तपकिरी बुळबुळीत थर बसला — तेच माझे जिवाणू, ते पाहून मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले. कचऱ्यातून केलेली वस्तू चालते, आणि तीही माझी! काळू निधीचं बोट ओळखतो. ती काचेवर जिथे बोट नेईल तिथे हा ढेरपोट्या मागे मागे.

२५ ऑगस्ट

आईंना घोर लागलाय. "इतक्या दिसात एकबी मासा मेला नाही. मंग पीडा जाईन कुठं?" मी म्हटलं, येतच नसेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच दार उघडं टाकून ठेवलंय. मग मोरोपंतांना फोन. पंतांनी तिकडून उंटावरून शेळ्या हाकल्या — म्हणे काळा बदला. जिवंत मासा बदला! शिवम म्हणाला, "बदलायला काय जातं?" त्याच्याकडे पाहिलं फक्त. बाहेर निघून गेला.

१ सप्टेंबर

पंत स्वतः हजर! भरीतभाकरी हाणली. मग टाकीपुढे डोळे मिटून उभे. "प्रवाह उलटा आहे. संकट साचून राहिलं आहे." बोट माझ्या लोणच्याच्या बरणीकडे.

विचारलंच मी — पंत, तुमच्याकडचा काळा शेवटचा कधी मेला?

"आमच्याकडे टाकी नाही. आमच्या सौभाग्यवतींना माशांचा वास सहन होत नाही."

हसता हसता माझ्या हातून चहा सांडला. आईंनी रागाने जेवण टाकलं. टाकू दे. आजच्यासारखी मजा या घरात कधी आली नव्हती.

८ सप्टेंबर

निधीला ताप. पावसात भिजते, ऐकत नाही.

१० सप्टेंबर

डेंग्यू. दवाखान्यात भरती केलं. प्लेटलेट्स उतरताहेत.

आई दवाखान्याच्या जिन्यात म्हणाल्या, हळूच, रडत — "मासे वाचवले, अन् पोरीवर आलं." भांडायला म्हणाल्या नाहीत. त्यांचा खरंच विश्वास आहे.

मी म्हटलं, डास चावला म्हणून आलं. डास! मोठ्याने म्हटलं. जिन्यातले लोक पाहायला लागले.

११ सप्टेंबर

तिच्या हाताला तीच नळी, तीच चाकी. नर्सने फिरवली तर निधी मला म्हणते, "मम्मी, आपल्या मशीनसारखी." मग — "काळूले खाऊ घातलं का?"

घातलं, म्हटलं. कोणी घातलं असेल? घरी कोणी नाही.

१२ सप्टेंबर

अजून उतरल्या. हिरड्यांतून रक्त. डॉक्टर म्हणाले, आजचा-उद्याचा दिवस जाऊ द्या. शिवम भिंतीला टेकून उभा असतो. आई पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. डॉक्टरांनी नको म्हटलं तर मुकाट्याने परत नेला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मी बोलली ते मनावर नको घेऊ, पोरी. मासे काय करतीन." हे त्यांनी म्हणायला नको होतं. त्या भांडल्या असत्या तर मी भांडले असते.

१३ सप्टेंबर

निधीचे कपडे न्यायला घरी आले. पाणी स्वच्छ. काळू मला पाहून वर आला, तोंड उघडून.

पट्टी काढली. बटण बंद केलं. आईंनी नाही — मी. सलाईनच्या नळ्यांतली धार थांबेपर्यंत उभी होते.

लवकर कर रे, काळू.